टोपलं घेऊन मागायला गेलो तेव्हा

आमच्या घरातली दोन माणसं कॅन्सरनं नेली. आधी थोरला भाऊ, मग बायको. तिच्या गालाच्या आत फोड झाला, तो भरलाच नाही. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण गावात त्या आजाराचं नाव कोणी घेत नसे. 'ते दुखणं' म्हणत. मीही तेच म्हणायचो.

शेवटी तिला गरम काही चालत नव्हतं. पेज पार निववून द्यायची. तिच्यासोबत मीही तशीच प्यायला लागलो. ती गेली, मूलबाळ नव्हतं, तरी मी पेज थंड करूनच पीत राहिलो. रांधायला मीच आणि ताटावर बसायलाही मीच. घरात भांड्याचा आवाज झाला की तो माझ्याच हातानं झालेला असायचा.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात बिड्या वळणारी एक बाई होती, तिला तेच झालं. शाळेच्या मास्तरांनी चावडीत माणसं जमवली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात यंत्रातून किरणांचा शेक देतात, वेळेवर नेली तर वाचेल, म्हणाले. खर्चासाठी खळ्याखळ्यावरून धान गोळा करायचं ठरलं.

मास्तर मला म्हणाले, "तलावापल्याडचे गावं तुमी करा जी. तुमाले कोणी नाई म्हननार नाई."

"देतो म्हना तेवढं," मी म्हणालो. "मागाले जानार नाई. आमचे लोक माळव्यातून आले तवापासून कोणापुढे टोपलं धरलं नाई."

ती बाई नवऱ्याच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. पदर गालावर दाबून. माझी बायको तशीच दाबायची. दुसऱ्या दिवशी मी बंडी जुंपली.

आमच्याकडे खळ्यावर धानाची रास उभी असली की पाहुणा आपलं काम आधी सांगत नाही. मालक बसवतो, पाणी देतो, मग विचारतो. मी बोदलकशाच्या तलावापलीकडच्या एका खळ्यावर बसलो. धुतलेलं धोतर, बैलांच्या शिंगांना तेल. टोपलं बंडीतच ठेवलं होतं. मालकानं कामाचं विचारलंच नाही.

"घरी कोन कोन हाये जी?"

"कोनी नाई."

"बैल आपलेच?"

"तं का मांगून आनले?"

तो हसला. घरात आवाज देऊन त्यानं चहा सांगितला. चहा एका बाईनं आणला, डोक्यावरून पदर घेतलेला. कप ठेवून ती सुपानं धान उडवायला गेली.

"माही भाची हाये," मालक म्हणाला. "नवरा गेला तिचा. शेतीचं समदं येते तिले. तुमच्या मनात हाये ते सांगा ना जी, लाजता कायले?"

मालकाची म्हातारी आई राशीपलीकडून म्हणाली, "केस पिकले तरी लाजून राहिला बुवा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी बायको पाहायला आलो असं ते समजले होते. माझे कान तापले. तसंच उठून बंडी हाकली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण मोहल्ल्यातली ती बाई भिंतीलाच टेकून राहिली असती.

मी बंडीतून टोपलं काढलं आणि राशीजवळ ठेवलं.

"बाई पाह्यले नाई आलो जी. माही बायको कॅन्सरनं मेली. आमच्या गावात एकीले तेच झालं. तिले नागपूरले न्याचं हाये. धान मागाले आलो."

ते नाव मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं, तेही परक्या खळ्यावर. सूप थांबलं. मालक खाली पाहू लागला. भाची आली आणि टोपल्यात धान ओतू लागली.

"खाता येत होतं का जी तिले?" तिनं हळूच विचारलं.

"थंडी पेज पेत होती."

तिनं टोपलं शिगोशीग भरलं, हलवून खाली बसवलं, आणि पुन्हा भरलं.

आमच्या मोहल्ल्यातली बाई तिरोड्याहून गाडीनं नागपूरला गेली. परत आली तेव्हा गाल एका बाजूला ओढलेला होता, पण भात खात होती.

मग मी दर हंगामात कोणा ना कोणासाठी बंडी जुंपली. खळ्यावर बसायच्या आधीच सांगायचो, कशासाठी आलो ते. रीत मोडतो म्हणून लोक बोलले, बोलू दिलं. फक्त त्या खळ्यावर पुन्हा गेलो नाही. भाचीचं पुढं काय झालं तेही कोणाला विचारलं नाही.

चहा कोणी दिला की निवेपर्यंत हातात धरून ठेवतो, अजूनही.