मुखपृष्ठावरची सावित्री

माझी चुलतबहीण सावित्री गेल्याचा निरोप आला आणि मी आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावची बस धरली. कंडक्टर ओळखीचा. "असं अवेळी कुठं?" मी म्हटलं, "बहीण गेली." "कुठली? ती... नवऱ्याला विष देणारी?" मी मान डोलावली. सावित्रीला नवराच नव्हता, हे समजावायला तो प्रवास पुरला नसता.

हा सगळा प्रताप आमच्या दोघांच्या काकांचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी छोटीशी प्रकाशनसंस्था काढली. टीव्हीवर एखादी फ्रेंच मालिका गाजली, की तिच्यावरची कादंबरी रीतसर परवानगीनं इथं पुन्हा छापायची. मालिका परत लागली, की नवी आवृत्ती. एका मालिकेच्या वेळी मजकुराची परवानगी आली, नटीच्या फोटोची नाही. नायिका चहातून विष घालून नवऱ्याला मारते. मुखपृष्ठाला हवे तसे डोळे म्हणे घरात फक्त सावित्रीचे! नाव सावित्री आणि काम हे. काकांना त्यातही गंमत. पोरगी हौसेनं कप घेऊन बसली आणि कॅमेऱ्याकडे अशी काही बघू लागली, की फोटोवाल्यानं स्वतःचा चहा हळूच लांब सरकवला.

पुस्तक तुफान खपलं. बाजारात बायका एकमेकींना कोपरानं ढोसून क्रिओलमध्ये म्हणायच्या, "ली मेम सा! हीच ती!" सावित्री आधी मिरवली. मग सूयाक गावचं स्थळ आलं. मुलगा देवळातल्या भजनात तिनं पाहिलेला, आणि मनात धरलेला. तिनं चहा पुढे केला. मुलाच्या आईनं पुस्तक वाचलं होतं. तिनं त्याचं मनगटच धरलं. "पा ब्वार, बाबा! पिऊ नको!" सावित्री हसली, त्याच्या हातून कप घेतला, घोटभर प्यायली आणि परत पुढे केला. "बघा मावशी, जिती आहे."

"आता तर उष्टा झाला," म्हातारी म्हणाली.

न चाखला तर विष, चाखला तर उष्टा! मी दाराआड तोंडात रुमाल कोंबला होता. मुलगा कपाकडे बघत राहिला... चहावर साय धरली. मंडळी उठली, आणि माझं हसू तिथंच गेलं.

पुढंही स्थळं आली. पण पुस्तकातली ती नायिका बघायला. "काका, मला त्या पुस्तकावरून उतरवा," ती म्हणायची. "उतरवतो गं बाय, एवढी आवृत्ती संपू दे." आवृत्ती संपायची, कारण वर तीच होती, आणि संपली म्हणूनच पुढचीवरही तीच. केसांत पांढरं दिसू लागलं, तेव्हा तिनं हट्टानं चष्म्यासकट नवा फोटो काढायला लावला. बायका पुस्तक उलटसुलट करून ठेवून द्यायच्या. "पा ली सा. ही ती नव्हे." काकांनी जुना फोटो परत चढवला. सावित्री डोळ्यांत पाणी येईतो हसली. "म्हणजे मी म्हातारी व्हायलाही मोकळी नाही तर..."

चाळिशी जेमतेम गाठून ती झोपेतच गेली. तेरावा झाला आणि मालिका पुन्हा लागली. पुस्तकांचा दुकानदार काकांच्या छापखान्यात आला. "काका, यंदा जास्त छापा. आता तर उड्या पडतील."

काकांनी तिचा जुना फोटो खणात ठेवला. मग म्हणाले, "या खेपेला वर नुसतं पुस्तकाचं नाव."

"तिच्याशिवाय कोण घेणार?"

"नको घेऊ देत. पुरे झालं पोरीला."

बिनफोटोच्या हिरव्या मुखपृष्ठाचा तो गठ्ठा आता त्या दुकानदाराच्या काचेआड ऊन खात पडलाय. मी रोज कामावरून येताना वाट वाकडी करतो, डोकावतो, गठ्ठा होता तेवढाच आहे ना बघतो... आणि मोठ्या समाधानानं घरी जातो.