काळी वाळू आणि आईचे तळवे

मंडळी, क्वीन्सलँडमधल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बसून लिहितेय.

पुण्याहून आलेल्या आईला आज बोटीने एका निर्जन बेटावर नेलं. ज्वालामुखीची काळी वाळू, भर दुपार. समुद्राला नमस्कार करायचा म्हणून तिने चपला काढल्या आणि चालू लागली. मी सँडलमध्येही भाजत होते.

"आई, चटके बसत नाहीत?"

"छे गं!"

तळवे पाहिले तर फोडच फोड! बोटवाला "नो वरीज" म्हणून गेलेला, दोन तासांनी येणार. होतं नव्हतं ते पाणी तिच्या पायांवर ओतत बसले.

"शुगरने बधिर झालेत गं, वर्ष झालं. तुला कशाला उगाच काळजी?"

व्हिडिओ कॉलवर रोज तिचा चेहरा बघते. पुण्याला गेले की पायाही पडते.

तुम्ही आईचे तळवे शेवटचे कधी पाहिलेत?