बोंबलाचा वाटा

कुत्र्याची परीक्षा घ्यायलाही साता समुद्रापलीकडचे नियम लागतात, हे मला तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा कळलं. तोवर आमच्या किनाऱ्यावर एकच परीक्षा होती. बोंबील सुकत असताना कुत्र्याने तोंड घातलं की दगड, नाही घातलं तर त्याला त्याचा वाटा. संपला कायदा.

मी तेव्हा बांधकामाच्या ऑफिसात हंगामी टायपिस्ट होतो. कोळीवाड्यातला पहिला मॅट्रिक, त्यामुळे शिष्टपणा भरपूर. परदेशी इंजिनिअरांनी बायकामुलांबरोबर कुत्रीही आणली होती. वसाहतीतल्या क्लबाने कुत्र्यांच्या आज्ञापालनाची स्पर्धा ठरवली, देशी-परदेशी सगळ्यांना खुली. जिंकेल ते कुत्रं मुंबईच्या मोठ्या स्पर्धेला जाणार, तिथे परीक्षक बाहेरदेशातून यायचे. मग काय, कमिटी बसली. एक परदेशी बाई, तिने आपल्या देशात असलं परीक्षण केलेलं. एक डॉक्टर, ज्यांना कुत्र्यांची भीती वाटायची. आणि आमचे मोठे साहेब, ज्यांचा स्वतःचा अल्सेशियन स्पर्धेत उतरणार होता! टाइप करायला मी. परदेशी संस्थेचं नियमपुस्तक टपालाने आलं आणि त्यावर तीन महिने बैठका चालल्या. कुत्र्याने मालकाच्या कुठल्या बाजूने चालायचं यावर एक अख्खी दुपार गेली. गावच्या विहिरीवर एवढा वेळ कधी कोणी घालवला नाही.

माझी थोरली बहीण विधवा होती. पदरात दोन मुली. दुसऱ्यांची मासळी रोजावर वाळवायची. तिच्याकडे एक तांबडं गावठी कुत्रं होतं. त्याला तिने नावसुद्धा ठेवलं नव्हतं, 'आरं' म्हटलं की यायचं. पण ती जेवायला घरी गेली तरी ते बोंबलांखाली बसून राहायचं. कावळ्याला सोडायचं नाही आणि स्वतः बोंबलाला हुंगायचंही नाही. गोदामावरच्या परदेशी इंजिनिअरने हे किनाऱ्यावर फिरताना पाहिलं होतं. त्याने लेखी कळवलं की हे कुत्रं स्पर्धेत पहिलं आलं, तर कुत्रं आणि त्याची मालकीण, दोघांना गोदामाच्या राखणीला कायम घेतो. कायम! बहिणीने तो शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

अर्जात कुत्र्याच्या आईबापाचं नाव विचारलं होतं. आता गावच्या कुठल्या कुत्र्याला बाप ठाऊक असतो? साहेब म्हणाले, कागद नाहीत तर प्रवेश नाही. परदेशी बाई मात्र अडून बसली की नियम आज्ञापालनाचे आहेत, खानदानाचे नाहीत. तिच्यामुळे नाव लागलं. गोऱ्या बाईने अन्याय केला असं गावात पुढे जे बोलतात ते साफ खोटं आहे. अन्याय घरातूनच झाला.

नियम मराठीत करून बहिणीला समजावायचं काम माझं होतं. आठ दिवस संध्याकाळी मी तिच्या अंगणात बसून एकेक नियम वाचला. हुकूम एकदाच द्यायचा. कुत्र्याला हात लावायचा नाही. समोर मटणाची ताटली ठेवून मालकाने पडद्याआड जायचं, कुत्र्याने जागचं हलायचं नाही. शेवटच्या पानावर होतं की मैदानात कुत्र्याला खाऊ देऊ नये, दिल्यास बाद. मी ते मनातच वाचलं आणि हसून पान मिटलं, तिला सांगितलंच नाही. आमच्याकडे कुत्र्याला खाऊ देतं कोण? ते साहेबलोकांचे लाड. वाटा माझ्या डोक्यातच आला नाही. होडीवर असो की वाळूवर, काम केलं त्याचा वाटा तिथेच हातावर पडतो, त्याला आम्ही खाऊ म्हणतच नाही.

स्पर्धेला वसाहत लोटली होती. साहेबांचा अल्सेशियन ताटलीपाशी उठून उभा राहिला, तेव्हा साहेब म्हणाले, गर्दीचा आवाज फार आहे. नाचता येईना अंगण वाकडं. आमचं तांबडं मात्र पूर्ण वेळ ताटलीसमोर बसून होतं, मान वळवून दुसरीकडे बघत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. बहीण पडद्याआडून आली, कमरेचा सुका बोंबील काढला आणि त्याच्यापुढे धरला.

शिट्टी वाजली. साहेब नियमपुस्तक उघडूनच उभे होते. बहिणीला काही कळेना. ती मला म्हणाली, "काम केलं त्यानं. कामाचा वाटा नाय द्यायचा?"

परदेशी बाई माझ्याकडे आली. तिने मला स्वच्छ विचारलं, हा नियम हिला सांगितला होता का? सांगितला नसेल तर चूक कमिटीची, मी परीक्षा पुन्हा घेते. एवढं सोपं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर झालं असतं. पण साहेब शेजारी उभे होते आणि मला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर पडला होता. कमिटीची चूक म्हणजे माझीच चूक. मी शेपूट घातलं. म्हणालो, सांगितला होता.

बाईला खरं वाटलं नसावं. तिने साहेबांना सांगितलं, तिलाच विचारा. साहेबांनी मराठीत विचारलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. इंग्रजीचं अक्षर तिला येत नव्हतं, पण मी काय उत्तर दिलंय ते तिने माझ्या तोंडावर वाचलं.

"यानं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच इसरली."

अल्सेशियन मुंबईला गेला. मी दोन महिन्यांत कायम झालो. बहीण हात चालत होते तोवर दुसऱ्यांची मासळी वाळवत राहिली. कोणी विषय काढला की हेच सांगायची, माझ्या बायकोला, तिच्या स्वतःच्या मुलींनासुद्धा, की भावाने सांगितलं होतं, मीच विसरले. मी तिथेच बसलेला असायचो, आणि मी तिला एकदाही खोटं पाडलं नाही.