भाजलेली माती

दोघी जावांची रोपवाटिका एकच, पण मांडव वेगळे. थोरली भलतीच टापटिपीची. कुंडीत भरायची माती ती आधी पत्र्यावर खरपूस भाजायची, म्हणजे किडा औषधालाही सापडायला नको. तरी तिची मिरचीची रोपं किरटीच राहायची. धाकटी नव्या कुंडीत जुन्या वाफ्यातली मूठभर माती टाकायची, बस्स. तिची रोपं अशी तरारायची की गिऱ्हाईक थोरलीकडे ढुंकूनही बघत नसे.

थोरलीचा जळफळाट व्हायचा. “चोरून काहीतरी घालते ती,” असं ती नवऱ्याला रोज ऐकवायची.

एकदा धाकटी बाजारात गेलेली बघून थोरलीने तिच्या वाफ्यातली घमेलंभर माती पळवली. मातीत पांढरे धागे दिसले. “शी, बुरशी,” म्हणत तिने सवयीने तीही भाजली आणि कुंड्या भरल्या. रोपं पुन्हा किरटीच.

महिन्याने न राहवून तिने विचारलंच, “तुझ्या मातीत ते पांढरं काय असतं गं?”

“बुरशीच आहे, ताई. पण मुळांच्या कामाची. मातीत अडकलेलं स्फुरद जिवाणू मोकळं करतात, आणि ही बुरशी ते लांबून मुळांपर्यंत आणते. बदल्यात मुळं त्यांना साखर देतात. आणखी एक घमेलं घेऊन जा. या वेळी भाजू नका फक्त.”

चोरी कळली याचं थोरलीला तितकंसं वाटलं नाही. कळूनही ही महिनाभर गप्प राहिली, हे मात्र जिव्हारी लागलं. मेली चांगुलपणातही वरचढ.