निळ्या फोनोच्या बदल्यात

लिहायचा अधिकार कुणाला असतो ते मला नीट माहीत नाही. तो माझ्याकडे नाही, एवढं माहीत आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नाही. आजवर मी जे लिहिलं ते परीक्षेत लिहिलं, आणि तपासणाऱ्यांनी त्यालाही बेतानेच गुण दिले. पुढचं वाचताना कुणाला वाटलं की याने हे लिहायला नको होतं, तर मी त्यांच्याशी आधीच सहमत आहे. तरी लिहितो, कारण आमच्या वस्तीत ही गोष्ट चार-पाच तऱ्हांनी सांगितली जाते आणि त्यातल्या एका तऱ्हेत मी भर बाजारात रडलो असं येतं. मी रडलो नव्हतो. तिथे धूळ होती. शिवाय आता कुणापासून काही लपवायचं उरलेलं नाही.

आमची वस्ती पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या अलीकडे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती, मधे आम्ही. विहाराच्या मागे एक अडगळीची खोली होती. तिथे अभ्यासिका करायची असं ठरलं आणि आम्ही पोरं ती रिकामी करायला लागलो. सतरंज्या, मोडकं व्यासपीठ, जुन्या कमानीचे बांबू यांच्या तळाशी पोत्यात गुंडाळलेली एक लाकडी पेटी निघाली. झाकण उघडलं तर आत फिरणारी चकती आणि कडेला चावीचं भोक. म्हातारी माणसं गोळा झाली आणि म्हणाली, अरे, हा तर आपला फोनो.

फोनो म्हणजे ग्रामोफोन. तो कधीतरी वस्तीने वर्गणी काढून घेतला होता. जयंतीला वाजायचा, लग्नात वाजायचा. पुढे लाउडस्पीकर आले, टेप आले, आणि फोनो पोत्यात गेला. चावी पेटीतच होती, पण कर्णा नव्हता. तो दोन दिवसांनी सापडला. सगळी वस्ती जिला आत्या म्हणते तिच्या अंगणात तो पालथा घातलेला होता आणि आत कोंबडीची पिल्लं होती. आत्याचं म्हणणं असं की तिला ते विहाराचं नरसाळं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या नरसाळ्याने विहारात काय ओतत असतील, असा प्रश्न तिलाही पडला होता, पण पिल्लांची सोय झाल्यावर तिने तो सोडून दिला.

फोनोला चावी देण्याचा मान आमच्या शेजारच्या आबांचा. आबा कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाणी सोडायचं आणि बंद करायचं, यात त्यांचा जन्म गेला. तरुणपणी फोनोची चावी त्यांच्याशिवाय कुणी फिरवायची नाही, कारण जास्त दिली तर स्प्रिंग तुटते, आणि जास्त म्हणजे किती हे फक्त त्यांच्या मनगटाला कळायचं. त्यांनी चावी दिली आणि पोत्यात उरलेली एकुलती तबकडी लावली. कुणा बाईंचा बारीक, गोड आवाज आला. तबकडीला तडा होता. दर फेऱ्याला टक् वाजायचं. गाणं संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. आणि संपल्यावर तो फोनो विकायचं ठरलं.

हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तेव्हा पुण्यात जो तो कम्प्युटर म्हणत होता. हडपसरकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि विजेच्या प्रत्येक खांबावर कम्प्युटर क्लासची पाटी होती. आमच्या पोरांना तो लांबून दिसायचा. अभ्यासिकेत एक आला तर सगळ्यांच्या हाताखालून गेला असता. फोनो सगळ्यांचा होता म्हणून सगळ्यांना विचारलं. शेवटी आबांना विचारलं.

आबा म्हणाले, "इका की. पर वाजिवणाऱ्याला द्या. हाटेलात शोभेला ठिवायला न्हाई."

फोनो विकून कम्प्युटर आणायची जबाबदारी माझ्यावर आली. मी कॉलेजात होतो ना. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला जुने फोनो हा विषय असतो, अशी सगळ्यांची खात्री होती.

जुन्या बाजाराजवळ एका जुन्या वस्तूवाल्याचं दुकान शोधून काढलं. दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. फोनो विकून कम्प्युटर घ्यायचाय म्हणालो, तर मालकांनी मान वर न करता फोनोची सगळी माहिती विचारली. पेटी कसली, कर्णा कशाचा, रंगरंगोटी केली आहे का. मी म्हणालो, रंग नाही, धूळ मात्र बरीच आहे.

"धूळ राहू द्या," ते म्हणाले. "जशी आहे तशी आणा. तुमचा कम्प्युटर निघेल, वर टेबल-खुर्चीसुद्धा निघेल."

मी विचारलं, थोडी पुसून आणू का. तेव्हा त्यांनी मान वर केली. "तुम्ही काहीही करू नका."

हा निरोप मी वस्तीत शब्दाला शब्द सांगितला. तिथेच घोटाळा झाला. त्यानंतर माझी चाचणी परीक्षा होती म्हणून मी मित्राच्या खोलीवर राहिलो. परत आलो तर कर्णा चिंचेने घासून सोन्यासारखा केलेला आणि पेटी निळीशार. विहाराच्या खिडक्यांचा ऑइलपेंट उरला होता. आमचे मामा पेंटर आहेत. त्यांनी दोन हात मारले होते आणि दर्शनी बाजूला पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सौजन्य : तरुण मंडळ'.

मी म्हणालो, "मामा, ते काही करू नका म्हणाले होते."

"म्हननारच की," मामा म्हणाले. "पाव्हनं कधी म्हनतंय का, भजी तळा म्हनून?"

 आमच्याकडे कुणी 'काही करू नका' म्हणालं की आई पहिल्यांदा कढई चढवते.

रिक्षा करून निघालो. मांडीवर कर्णा घेऊन आबाही आले. कर्ण्याचं तोंड रिक्षाबाहेर, त्यामुळे सिग्नलला लोक आमच्याकडे निवडणुकीला उभे असल्यासारखे बघत होते. दुकानाच्या पायरीवर पेटी ठेवली. मालक बाहेर आले, बराच वेळ बघत राहिले, मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत बघितलं.

"पोळा कधी झाला?" त्यांनी विचारलं.

मी चाचरत म्हणालो की रंग खरवडून काढता येईल. ते म्हणाले की त्याबरोबर खालचं जुनं पॉलिशही जाईल, आणि किंमत त्या पॉलिशची होती.

"आता याचा माउस येईल," असं म्हणून ते आत गेले. आणि आतून, नीट विचार करून, म्हणाले, "पॅड वेगळं घ्यावं लागेल."

सुरुवातीला म्हटली ती धूळ तेव्हाची. पोरांनी टेबलाची जागा झाडून ठेवली होती, ते मला आठवत होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की दुकानवाल्यानं नुसतं बघितलंय, ऐकलंय कुठं. त्यांनी पायरीवरच कर्णा बसवला, चावी दिली आणि तबकडी लावली.

थोडी माणसं जमली. मंडईतून येणारे एक गृहस्थ थांबले. उंच, किडकिडीत, कापडी पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. त्यांनी गाणं अर्धं ऐकलं आणि आबांना म्हणाले, "चावी कमी दिलीत. शेवटाला गाणं बसणार."

आबा म्हणाले, "बसलं तर तुमी उठवा."

मग दोघं चकतीकडे बघत उभे राहिले. गाणं बसलं नाही. शेवटची ओळ किंचित जड झाली, पण पोचली.

"त्या टक्‌ला काही इलाज?" गृहस्थांनी विचारलं.

"ताल समजा," आबा म्हणाले.

गृहस्थांनी मला किंमत विचारली. माझ्याआधी आतून मालकांचा आवाज आला, "माउस." त्यांना ते कळेना, म्हणून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पोत्यापासून भज्यांपर्यंत. ते न हसता ऐकत होते.

"कम्प्युटर हवाय होय," ते म्हणाले. "माझ्याकडे आहे एक. घेऊन जा."

पुण्यात एखादा माणूस खरंच देतोय की टोमणा मारतोय हे मला अजून ओळखता येत नाही. पेटी उचलू की नको, असं माझं चाललं होतं. ते म्हणाले, "अहो, चला. मेथी सुकतेय."

त्यांचं घर बुधवार पेठेत, एक जिना वर; फोनो आम्ही उचलूनच नेला. ते पोस्टातून निवृत्त झालेले. मी साहेब म्हणालो तर म्हणाले, "साहेब नका म्हणू. साहेब मला रागवायचे." म्हणून काका. कोपऱ्यात टेबलावर फुलाफुलांचा अभ्रा घातलेला कम्प्युटर होता आणि त्यावर इस्त्रीचे कपडे. अमेरिकेतल्या मुलाने मागच्या खेपेला हौसेने घेऊन दिलेला, वडिलांशी ईमेल चालू राहावी म्हणून. काकांना तो आवडत नव्हता. आयुष्यभर त्यांनी लोकांची पत्रं वेळेवर पोचवली, आणि आता स्वतःचं पत्र वाचायला आधी यंत्राला पासवर्ड सांगायचा, म्हणजे घराचा मालक कोण, असं ते विचारत होते.

मग त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. तीत तबकड्या होत्या. काकूंच्या. घर बदलताना फोनो मोडीत गेला होता, आणि काकू गेल्यापासून ट्रंक उघडलेली नव्हती. आबांनी खांद्यावरच्या पंच्याने एक तबकडी पुसली, चावी दिली. या तबकडीला टक् नव्हतं. काका खुर्चीत बसले होते ते गाणं संपल्यावरही तसेच बसून राहिले. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. वाजवणारा सापडला होता.

रंगाबद्दल काका एकदाच बोलले. "जाड दिलाय. पुसायला बरा." आणि पिवळी अक्षरं येणाऱ्याला दिसतील अशी पेटी त्यांनी दाराकडे तोंड करून ठेवली.

त्यांची एकच अट होती.

"मुलाला कळता कामा नये," ते म्हणाले. "हौसेने घेतलाय, मनाला लागेल त्याच्या. कळलं आणि परत आणा म्हणाला, तर मला नाही म्हणता येणार नाही."

मी ईमेलचं काय करणार ते विचारलं. काकांची समजूत होती की पत्रं कम्प्युटरच्या आत असतात आणि त्याच्याबरोबर मांजरीला जातील. मी सांगितलं की ती कुठल्याही सायबर कॅफेत उघडतात. "म्हणजे कुठल्याही पोस्टात पत्र मिळायचं," ते म्हणाले. "मग यात नवीन काय?" आणि पासवर्ड मला देऊन टाकला.

कम्प्युटर अभ्यासिकेत आला तेव्हा वस्ती लोटली. पोरांनी रांगेत उभं राहून एकेका बोटाने आपापली नावं टाइप केली. पेंटर मामा हातात ब्रश घेऊन आले होते. नुसतं बघायला आलोय, असं म्हणाले. अर्ध्या वस्तीचं मत पडलं की मी फसलो, चांगला वाजता फोनो देऊन पिक्चर न लागणारा टीव्ही आणला. पण दुपार झाली की अभ्यासिकेबाहेर चपलांचा ढीग पडायला लागला, आणि बोलणारे हळूहळू गप्प झाले.

दर रविवारी मी मुलाचं पत्र कागदावर उतरवून काकांकडे न्यायचो आणि ते सांगतील ते उत्तर घ्यायचो. आबाही यायचे, चावीसाठी. चावी कमी का जास्त यावर दोघांचं न चुकता भांडण व्हायचं आणि मग चहा व्हायचा. काकांचं पहिलं उत्तर असं होतं : तब्येत ठीक. पाऊस नाही. पैसे पाठवू नकोस.

"एवढंच," ते म्हणाले. "सांगतो तसं लिहा. पदरचं काही घालू नका."

कॅफेत मी ती तीन वाक्यं इंग्रजी अक्षरांत टाइप केली आणि बघत बसलो. इतक्या लांबच्या मुलाला बापाचं एवढंच पत्र जायचं, हे मला बरं दिसेना. शाळेत पत्रलेखन शिकवलं होतं. वर 'सप्रेम नमस्कार' घातलं. शेवटी 'आपणही प्रकृतीची काळजी घ्यावी. कळावे, आपला नम्र' असं लिहिलं आणि खाली काकांचं नाव. मग पत्र पत्रासारखं दिसायला लागलं. पुढेही दर वेळी तसंच करत गेलो.

आणि एका रविवारी मुलाचं पत्र आलं की तो दिवाळीला येतोय, आणि बाबांना कम्प्युटरवर ईमेल करताना त्याला समोर बसून बघायचंय. मी ते वाचून दाखवलं तेव्हा तबकडी संपली होती. आबांनी दुसरी लावली नाही. काका म्हणाले, दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगू. मग म्हणाले, पण तो म्हणेल, चला, बघून येऊ. 

वस्तीत मी कुणाला बोललो नाही. अभ्यासिकेत पोरं कम्प्युटरवर बसलेली दिसली की मी लांबूनच निघून जायचो. तो परत न्यायचा तर कुठल्या तोंडाने न्यायचा, याचाच विचार करत होतो. शनिवारी कॅफेत गेलो, तर काकांच्या पत्त्यावर नवं पत्र होतं. पण त्यावर विषय लिहिला होता, 'टाइप करणाऱ्यास'. ते जसंच्या तसं देतो, पदरचं काही घालत नाही.

'माझ्या वडिलांनी मला जन्मात कधी "आपला नम्र" लिहिलेलं नाही. "आपण काळजी घ्यावी" म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही. त्यामुळे टाइप दुसरंच कुणी करतंय हे पहिल्याच पत्राला कळलं; समोर बसून बघायचंय, हे गमतीने लिहिलं होतं. फोन करतो तेव्हा मागे आईच्या तबकड्या वाजत असतात आणि कुणीतरी बाबांशी चावीवरून भांडत असतं. मोडीत गेलेला फोनो घरात परत आला, म्हणजे कम्प्युटर गेला असणार; तो जिथे असेल तिथे राहू द्या. मी आलो की तो दुरुस्तीला गेलाय असं बाबा सांगतील आणि मी बरं म्हणेन. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, तेव्हा आधी थोडा सराव करून घ्यावा. फोनोच्या पिना इकडे मिळतात. कुठल्या आणू, ते त्या भांडणाऱ्या गृहस्थांना विचारून कळवावे. आपला नम्र.'