सफारीचं माप

आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही मीच लिहायचो. तेव्हा असं कागद पुढे घेऊन बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच होतो. त्यातून दुष्काळाच्या वर्षातली आठवण सांगायची आणि तीही कपड्यांची. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण खरं तेच लिहायचं, तर मला हेच लिहावं लागेल.

उमरीजवळच्या खेड्यातून मी लातूरला कॉलेजात आलो, तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत भरत होत्या आणि रोज नवे साहेब येत होते. साहेब सफारी घालायचे. इतर पोरं साहेबांच्या जीपकडे बघायची, मी खिशांवरच्या झाकणांकडे बघायचो. खांद्यावरची पट्टी, पाठीवरची शिवण, कॉलरचं टोक. खोलीवर आलो की वहीच्या मागच्या पानावर ते काढायचो. का, ते मला आजही सांगता येत नाही. चांगला शिवलेला कपडा पाहिला की मला बरं वाटायचं.

वडील तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. त्यांच्याकडे मागायचा प्रश्नच नव्हता. मी ठरवलं, सफारी शिवायची, पण घरचा पैसा लावायचा नाही. दिवाळीला गावी गेलो नाही. एका कापड दुकानात तागे घड्या करायला राहिलो आणि मजुरीच्या बदल्यात राखाडी टेरिकॉट मागून घेतलं. त्याच गल्लीतल्या टेलर मास्तरांनी माप घेतलं, वहीत लिहिलं आणि सांगितलं की शिलाई आणशील त्या दिवशी कपडा नेशील.

शिलाईसाठी उरलं होतं माझं स्वतःचं पोट. खानावळीचं बिल मी शिष्यवृत्तीतून भरायचो; तिथे आदल्या दिवशी सांगितलं, तर त्या जेवणाचा खाडा धरत आणि तेवढं बिल कमी होई. मी संध्याकाळचे खाडे धरायला लागलो. फुटाणे खायचे, वर तांब्याभर पाणी प्यायचं. खोलीतला सोबती किल्लारीकडचा होता. त्याला मी उपास म्हणून सांगायचो. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी मात्र अडकलो.

"बुधवारचा देव कोणता काढलास?" तो म्हणाला. "सापडला की मलाबी सांग, मी नवस बोलतो."

मी पुस्तक पुढे ओढलं. वाचत बसलो.

फाल्गुनात शिलाईचे पैसे जमले. महिन्यावर स्नेहसंमेलन होतं आणि तिथे मला सफारी घालूनच जायचं होतं. दुकानात पडद्याआड कपडे चढवले, बटण लावलं आणि हात सोडला, तर पँट घसरून गुडघ्यांवर आली. सफारी खुंटीवर टांगल्यासारखी लोंबत होती. मी पँट धरून बाहेर आलो आणि भीतभीतच म्हणालो, मास्तर, माप चुकलं वाटतं.

मास्तरांनी वही काढली, पुन्हा टेप लावला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"माप बरोबर हाय बेटा. माणूस कमी झालाय."

जेवतोस कुठे, असं त्यांनी विचारलं. मी खानावळीचं नाव सांगितलं. संध्याकाळचं काय, हेही विचारलं आणि माझ्याच्यानं खोटं बोलवेना. कमरेला शिवण मारून द्या, म्हणून मी विनवलं. त्यांनी शिलाई घेतली नाही आणि सफारीही दिली नाही.

"ह्या मापाला ये, अन् घेऊन जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खाडा सांगायला गेलो, तर खानावळीच्या मावशी म्हणाल्या, खाडे बंद, टँकरच्या पाण्यावर सैपाक करायचा की तुमचे खाडे लिहायचे? मला ते पटलं. दुष्काळच तसा होता. मग मी ज्या नेटानं उपाशी राहिलो होतो त्याच नेटानं जेवायला लागलो. आवळलेलं पोट दोन भाकरींवर कुरकुर करायचं, तरी तिसरी घ्यायचो. संमेलनाच्या आदल्या दिवशी पँट कमरेवर थांबली. मास्तरांनी पैसे घेतले आणि कॉलर स्वतः नीट केली. संमेलनात पोरं म्हणाली, कलेक्टर आले, उठा. मी मान खाली घातली नाही.

दोन वर्षांनी पदवीची परीक्षा संपली आणि मी खानावळीचं शेवटचं बिल द्यायला गेलो. माझ्या पुढच्या पोराच्या बिलात चार खाडे वजा होते. मी विचारलं, मावशी, खाडे परत कधी सुरू केलेत?

"बंद कधी होते?" त्या म्हणाल्या. "तुझेच तेवढे बंद केले होते. तो टेलर मास्तर आला होता इथं, दुकान उघडं टाकून. म्हणला, त्या पोराचा खाडा धरू नका, माझं माप खोटं पडंल."