तेल नको, वाळू घाल

टाचणीबद्दल कोणी विचारलं की आमच्या थिएटरातले सगळे गहिवरून बोलायला लागतात. किती कष्टाळू, किती मायाळू, दुसऱ्याच्या पोरीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, वगैरे. माझ्याकडून ते ऐकायला मिळणार नाही. तीस वर्षं मी तिच्याबरोबर काम केलं आणि त्यातली चोवीस तिने माझी नासवली. तरी तिच्याबद्दल खरं काय ते मलाच माहीत आहे, म्हणून सांगतो.

ती नाटक कंपनीत कपडेवाली. नटनट्यांचे कपडे शिवायचे, उसवायचे, घालायचे, उतरवायचे. तोंडात कायम पाच-सहा टाचण्या, म्हणून टाचणी. तशीच बोलायची, तशाच शिव्या द्यायची, आणि एकही टाचणी खाली पडायची नाही. टेप गळ्यात असायची ती नुसती शोभेला. कंबरेला हात लावला की सांगायची, "जेवण आवर गं, अर्धा इंच वाढलीस." बायका चिडून टेप लावून बघायच्या. अर्धाच इंच निघायचा.

मी स्टेजच्या खाली, तळघरात. कंपनी एकाच नाटकावर जगायची आणि ते माझ्या लिफ्टवर चालायचं. गोष्ट जुनी आहे, म्हणे सगळ्याच देशांत सापडते. देवी मेलेल्यांच्या राज्यात उतरते. वाटेत सात दारं. प्रत्येक दारातून काळ्या बाह्यांचे दोन हात बाहेर येतात आणि तिच्या अंगावरचं काहीतरी काढून घेतात. आधी मुकुट, मग हार, असं करत सातव्या दाराशी शेवटचा शेला. मग ती कोसळते, जमीन दुभंगते, देवी खाली जाते. वर पेरलेलं उगवत नाही, गाई गाभण राहत नाहीत. तिसऱ्या दिवशी देवी परत येते. पण खालचं राज्य असं सोडत नाही, तिच्या जागी कोणीतरी द्यावं लागतं. वर आल्या आल्या ती बोट दाखवते आणि ज्याच्याकडे दाखवते तो खाली जातो. नाटकात तो तिचा नवरा असतो. ते काळे हात टाचणीचे. जमीन दुभंगायचं काम माझं.

लिफ्ट म्हणजे वीजबीज काही नाही. एक फळी, फळीला दोर, दोर वरच्या चाकावरून गेलेला आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. देवीच्या वजनाइतकी वाळू आणि वर एक मूठ. ब्रेक सोडला की वाळू खाली, देवी वर. तालमीच्या पहिल्या दिवशी मी नटीला काट्यावर उभी करायचो आणि पिशवी भरायचो. वाळू बरोबर असली की दोर दोन बोटांनी धरला तरी चालतो.

तेव्हा देवीचं काम करायची तिला आम्ही थोरली म्हणायचो. ती उभी राहिली की मागच्या रांगेतले खोकणारेसुद्धा खोकला गिळायचे. प्रयोग जोरात चालले होते. दोन-तीन महिन्यांनी मला दोर जड लागायला लागला. चाक कोरडं पडलं असेल म्हणून तेल घातलं. पंधरा दिवसांनी परत जड. परत तेल. असं तीन महिने चाललं. शेवटी शेवटी तर दोन्ही हातांनी, छातीचा जोर लावून ओढायचो आणि चाकाला शिव्या घालायचो. मग एका दुपारी फळी चढत चढत स्टेजपासून वीतभरावर आली आणि दोर माझ्या हातातून सुटला. तेलाने निसटला. बारा फूट.

हॉस्पिटलात कळलं, तिला सातवा महिना होता. मूल वाचलं. ती वाचली नाही.

मुलाचा बाप कोण ते तिने सांगितलं नव्हतं आणि पुढेही कोणी आला नाही. मालक मला म्हणाला, "अरे, वाळू कमी पडत होती, तुला कळलं नाही?" नव्हतं कळलं. बाकीचे म्हणाले, एवढ्या झुळझुळीत कपड्यांत कोणालाच कळलं नाही. टाचणी तिथेच उभी होती, तीही मान हलवत होती. त्यानंतर मी कोणाचं मूल हातात घेतलं नाही. बहिणीचं नाही, शेजाऱ्याचं नाही. सुटेल असं वाटायचं. बहीण आधी रुसली, मग तिने नाद सोडला.

मूल टाचणीने नेलं. मुलगी होती. कपड्यांच्या पेट्यांमध्ये रांगली, माझ्या वाळूत खेळली, मला काका आणि टाचणीला आई म्हणत मोठी झाली. तिला आम्ही धाकटी म्हणायचो. आई स्टेजवर पडून गेली, एवढंच तिला माहीत होतं. ते नाटक बंद झालं, कंपनी दुसऱ्या नाटकांवर कशीबशी रेटत राहिली.

चोवीस वर्षांनी मालकाच्या मुलाने ते पुन्हा काढलं. देवी म्हणून धाकटी. भिंतीभिंतीवर तिचा फोटो लागला, खाली अक्षरं, 'ती परत येतेय'. आमचा तिकीटवाला थोरलीच्या वेळचा. धाकटी रंग लावून समोरून आली तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला आणि बराच वेळ बसला नाही. टाचणी म्हणाली होती, जुने कपडे उंदरांनी खाल्ले. धाकटीने पेटी उघडली तर सगळे जसेच्या तसे. अंगात घातले, एक टाकाही लागला नाही. टाचणीने कंबरेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

माझं काय वेगळं? पिशवीवर आतून थोरलीच्या वाळूची खडूची खूण होती, पुसायला माझा हात धजला नव्हता. धाकटीला तोललं, वाळू भरली. बरोबर त्या खुणेला येऊन थांबली. मला दरदरून घाम फुटला. "काका, भूत बघितलंत का?" म्हणून पोरगी हसत सुटली. मला हसू आलं नाही.

प्रयोगांच्या तिसऱ्या महिन्यात दोर जड लागायला लागला.

आधी मनाची समजूत घातली. दमट हवा आहे, वय झालं आपलं. मग एका दुपारी, प्रयोगाला तासभर असताना, मी तेलाचा डबा उचलला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. टाचणी. चोवीस वर्षांत ती तळघरात उतरली नव्हती.

"तेल नको, भाऊ. वाळू घाल."

"किती?"

"चार मुठी. पुढे सांगेन तशी वाढव. आणि का ते विचारू नकोस, पोरीने शपथ घातलीय."

मी डबा खाली ठेवला. विचारायचं काही उरलंच नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"हाताला कळतं. तिच्या आधी मला कळलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका उशिरा, की माझी मलाच लाज वाटली. "टाचणे," मी म्हणालो, "थोरलीच्या कंबरेलाही तुझाच हात होता."

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. ते तोंड रिकामं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं," ती म्हणाली. "तिने पाय धरले माझे. काम जाईल म्हणाली. मी कपड्यांची शिवण सोडत गेले. ती गेल्यावर परत पहिल्यासारखी घातली."

"आणि मी तेल घालत गेलो!" मी ओरडलो. वर तालीम करणारे तबलजी थांबले असतील इतक्या जोरात. "एक शब्द! भाऊ, वाळू घाल! आज म्हणालीस तेवढंच म्हणायचं होतं गं, बये! का नाही म्हणालीस?"

"आधी तिला शब्द दिला होता म्हणून. नंतर मूल हवं होतं म्हणून. खरं सांगितलं असतं तर ते माझ्या ओटीत कोणी घातलं असतं?"

तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. गेलो नाही. पिशवीच्या तोंडाशी बसलो आणि चार मुठी वाळू घातली. प्रत्येक मूठ दोनदा मोजली.

"आता जा," मी म्हणालो, "आणि पोरीला सगळं सांग. तिची आई याच फळीवरून पडली. तीही आज याच फळीवर उभी राहणार, पोटात जीव घेऊन. ठरवू दे तिला. नाही सांगितलंस तर मी ब्रेक सोडणार नाही."

"ती मला टाकून जाईल, भाऊ."

"जाऊ दे. जिवंत जाईल."

तिसरी घंटा झाली. मी खालून कान देऊन बसलो. मला वाटलं, हिने कच खाल्ली. मग पहिल्या दारापाशी धाकटीचं वाक्य एका श्वासाने उशिरा आलं. दुसऱ्या दारापाशी त्याहून उशिरा. तेव्हा मला समजलं काय चाललंय. टाचणी एकेक दागिना काढत होती आणि दाराच्या फटीतून एकेक गोष्ट सांगत होती. प्रेक्षकांना वाटत होतं, काय पोरगी थांबते! चौथ्या दाराशी धाकटी बोललीच नाही. सातवं दार माझ्या डोक्यावर. फळ्यांमधून टाचणीचा आवाज आला, "मला माहीत होतं, पोरी. मी गप्प बसले."

मी फळी खाली घेतली. एरवी धाकटी खाली आली की मला डोळा मारायची. त्या दिवशी छताकडे बघत पडून राहिली.

"काका, खरं?"

"खरं."

"आज वाळू घातलीत?"

"चार मुठी."

"कोणी सांगितलं?"

"तिनेच."

तिला उतरता आलं असतं. जिना चार पावलांवर होता, मी तिकडे बोटही दाखवलं. ती फळीवर उभी राहिली, शेला नसलेले खांदे ताठ केले आणि म्हणाली, "सोडा ब्रेक."

मी सोडला. दोर दोन बोटांत होता. तोंडाने मी काय पुटपुटत होतो कोणास ठाऊक. ती वर गेली, अलगद, आणि फळी स्टेजला लागल्याचा टक आवाज आला. मी खाली बसून रडलो.

वर नवऱ्याच्या पायांनी नेहमीची दोन पावलं टाकली आणि ते थांबले. नंतर कळलं, धाकटीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने विंगेत बोट दाखवलं. काळ्या बाह्या घातलेली टाचणी विंगेतून चालत आली आणि फळीवर उभी राहिली. प्रेक्षकांनी ते हात ओळखले. टाळ्यांनी छत दणाणलं. मी फळी खाली घ्यायला लागलो तर येईना, जोर लावून ओढावी लागली. टाचणीला मी कधी तोललं नव्हतं. तिच्यात वजन असं काही उरलंच नव्हतं.

पडदा पडल्यावर धाकटी खाली आली. टाचणी फळीवरच बसून होती.

"टाचण्या काढा, मावशी. टोचतायत."

मावशी. काढा. टाचणीने हूं केलं आणि उठली. कुठली टाचणी कुठे आहे ते तिलाच माहीत होतं. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शेवटची निघाल्यावर म्हणाली, "उद्यापासून येऊ नका." आणि जिना चढायला लागली. अर्ध्यावर थांबली. वळली नाही.

"नवव्या महिन्यात ये."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच मालकाच्या मुलाला सांगून काम सोडलं. टाचणी मात्र रोज यायची. वर जायची नाही, मागच्या दाराने तळघरात उतरायची आणि वाळूच्या पिशवीला टेकून शिवत बसायची. लहान लहान कपडे. पाच महिने. पहिला महिना मी तिच्याशी बोललो नाही. मी तिला माफ केलेलं नाही, आजही नाही. पण दुसऱ्या महिन्यापासून चहा दोन कप करायला लागलो.

नववा लागला तशी टाचणी शिवलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन गेली. अकरा दिवस पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. जिन्यावर जरा खुट्ट झालं की उठून बघायचो. बाराव्या दिवशी ती उतरली. तोंडात टाचण्या नव्हत्या.

"मुलगी," ती म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. डोळे थोरलीचे आहेत, भाऊ. माझ्याकडे असं बघते की भीती वाटते."

"वजन किती?"

"मला काय माहीत? दारातच उभी ठेवलीय मला. हातात दिली नाही. म्हणाली, आधी काकांना घेऊन ये. आधी त्यांच्या हातात देणार."

मी नळाशी गेलो आणि हात धुतले. साबण लावून तीनदा धुतले, मग वाळूने घासले, मग परत साबण. टाचणी टॉवेल धरून मागे उभी होती.

"पुरे, भाऊ," ती म्हणाली. "तेल कधीच गेलंय."